फाइल उघडत नाही, फोल्डर सापडत नाही: घाईत होणाऱ्या या चुका टाळा

घरच्या कॉम्प्युटरवर आता घराचीच कागदपत्रं असतात. इंडेक्स टूची स्कॅन प्रत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सिडकोचं वाटपपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या, मुलांचे दाखले. यातलं काही उघडेनासं झालं की मूळ बिघाड बहुधा साधा असतो. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या पाच मिनिटांत, घाबरून दाबलेल्या बटणांमुळे.

फॉर्मॅट करू का, असं विचारलं तर

पेन ड्राइव्ह लावल्यावर 'वापरण्याआधी डिस्क फॉर्मॅट करा' असा चौकोन आला, तर कॅन्सल दाबा; फॉर्मॅट म्हणजे ड्राइव्ह पुसून नव्याने तयार करणं. आतल्या फाइली गेल्या असा त्याचा अर्थ नाही. कोणती फाइल ड्राइव्हवर कुठे आहे याची नोंद विंडोजला वाचता येत नाही, इतकंच. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा इजेक्ट न करता ड्राइव्ह उपसला की ही नोंद अर्धवट राहते.

आधी पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टमध्ये लावा, कारण पुढचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती सैल होते. एक्स्टर्नल हार्ड डिस्क असेल तर केबल बदलून पाहा. कोपरी, ऐरोली, वाशी अशा ठाणे खाडीलगतच्या भागात दमट, खारी हवा कनेक्टरचे धातूचे भाग खराब करते, विशेषतः पावसाळ्यात. ते भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच ड्राइव्ह लावा. पुढच्या वेळेपासून तो सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवा.

ड्राइव्ह दिसतो पण काही फाइली उघडत नाहीत, असं असेल तर आधी ज्या उघडतात त्या कॉम्प्युटरवर कॉपी करा. मगच ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, 'एरर चेकिंग' इथे जाऊन 'चेक' दाबा. हा क्रम उलटा करू नका. तपासणी आणि दुरुस्ती करताना विंडोज ड्राइव्हवर लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तो ताण पुरेसा असतो. हार्ड डिस्कमधून टक्‌टक् आवाज येत असेल तर काहीही चालवू नका, ती बंद करा. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या आणि पावतीवर लिहून घ्या: 'डेटा हवा आहे, फॉर्मॅट करू नये.' हे लिहिलेलं नसेल, तर साधा दुरुस्तीवाला विंडोज नव्याने टाकून कॉम्प्युटर 'चालू' करून देतो आणि जुन्या फाइली त्यात पुसल्या जातात.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हवर फोल्डरांऐवजी नुसते शॉर्टकट दिसत असतील, तर एकाही शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. व्हायरसने खरे फोल्डर लपवलेले असतात, पुसलेले नसतात. विंडोज सिक्युरिटीने आधी ड्राइव्ह स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समधल्या 'व्ह्यू'मध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिक काढा. फिकट दिसणारे फोल्डर, कधी तर बिननावाचा एखादा, तिथेच सापडतो. त्यातले कागद आणि फोटो बाहेर काढल्यावरच ड्राइव्ह फॉर्मॅट करा, आणि टिक परत लावा.

डिलीट झालं, आता काय

पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. शिफ्ट धरून डिलीट दाबलं तर कॉम्प्युटरवरचीही जात नाही. अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवणं. डिलीट केलेली जागा विंडोज 'रिकामी' समजतं आणि नवीन काहीही लिहिलं की ते जुन्या फाइलीवर बसू शकतं. काम थांबवा, सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि सापडलेल्या फाइलीही दुसरीकडेच साठवा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर आशा चांगली असते. एसएसडीवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या ड्राइव्हवर, ती फार कमी, कारण ट्रिम नावाची सोय डिलीट झालेले ब्लॉक ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह ते स्वतःच रिकामे करतो.

फोल्डर 'गायब' झाला की तो डिलीटच झाला असं मात्र समजू नका. माऊस घसरून तो शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो, हे सर्रास घडतं. एक्सप्लोररमध्ये लगेच कंट्रोल आणि झेड दाबा. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलेली वस्तू हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. खात्रीने प्रतच हवी असेल तर कंट्रोल धरून ओढा.

मेल किंवा झिपमधून थेट उघडलेल्या फाइलीत तासभर टायपिंग करून सेव्ह केलं, तर ते तात्पुरत्या फोल्डरमध्ये जातं आणि नंतर शोधून मिळत नाही. वर्डच्या 'ओपन'मधली अलीकडच्या फाइलींची यादी बघा. तिथून उघडली तर लगेच 'सेव्ह अ‍ॅज' करा. झिप तर आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करूनच वापरावी.

वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणुकीची सोय चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बहुधा त्याच्याच आत गेलेले असतात. मोफत जागा ५ जीबीच असते. ती भरली म्हणून इथल्या फाइली डिलीट केल्या, तर त्या सगळीकडून जातात. कॉम्प्युटरवर जागा हवी असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा; त्याने वनड्राइव्हची जागा मात्र मोकळी होत नाही. चुकून डिलीट झालंच, तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये फाइल साधारण ३० दिवस राहते.

परवानगी नाही, कॉपी होत नाही

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला जोडली की 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं, कारण फोल्डरचा मालक जुनं खातं असतं. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड इथे 'ओनर'पुढचं 'चेंज' दाबून आपलं खातं द्या आणि आतल्या फोल्डरांनाही लागू करायची टिक लावा. हे फक्त आपल्या डेटाच्या फोल्डरवर करा, विंडोजच्या फोल्डरवर कधीच नाही. डिस्क ४८ अंकी की मागत असेल, तर ती बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद आहे. जुन्या कॉम्प्युटरवर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं होतं, त्या खात्यात ही की बहुधा साठवलेली असते. नवा लॅपटॉप घेतल्या दिवशीच ती कागदावर छापून ठेवा.

लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जागा असूनही जात नाही, याचं कारण फॅट३२ हा ड्राइव्हच्या फॉर्मॅटचा जुना प्रकार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करा. नावात \ / : * ? " < > | ही चिन्हं चालत नाहीत, म्हणून तारीख 2025-07-14 अशी लिहा. फाइली क्रमानेही लागतात.

जेपीजी फाइलीच्या नावात शेवटी पीडीएफ लिहिलं म्हणून ती पीडीएफ होत नाही, आणि फॉर्म भरताना ती नाकारली जाते. फोटो उघडा, प्रिंट दाबा, 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा.

जुनी मराठी पत्रं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर फाइल खराब झालेली नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखा फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही, एवढंच. फॉन्ट टाकला की मजकूर दिसतो. त्याआधी ती फाइल सेव्ह करू नका आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या मराठीत, बदलायची तर मूळ प्रत बाजूला ठेवून बदला.

बॅकअपची हार्ड डिस्क सतत जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर तो तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा आणि काढण्याआधी दोन-चार फाइली त्या डिस्कवरूनच उघडून बघा.