रस्त्यांच्या धोरणावरचा माहितीपट: पैसा कसा उभा करायचा

‘रस्ता सुरक्षेवर फिल्म करायची आहे’ एवढंच सांगितलं, तर समोरचा हेल्मेटची जाहिरात करून मागतो. त्यामुळे आधी प्रश्न एका कलमापर्यंत आणा. उदाहरणार्थ, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांनुसार नसल्याने कुणाचा जीव गेला वा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या जिल्ह्यात तो कुणाला झाला, हे माहिती अधिकारात विचारा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तरी ते प्रस्तावाला जोडा. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली, हा आकडा सगळेच देतात. एका ओळीत उरका.

टीझर तीन मिनिटांचा पुरे. अंदाजपत्रकात जीएसटी, सबटायटल्स आणि सीसीटीव्ही फुटेजचे हक्क धरा.

खरी गोची सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामावर कराव्या लागणाऱ्या खर्चात आहे. विषय त्यात बसतो: २०१४ च्या केंद्रीय परिपत्रकाने दृक्‌श्राव्य माध्यमातून होणारी रस्ता सुरक्षेची जनजागृती ‘शिक्षणाला चालना’ या सदरात धरली आहे. पण कंपनी स्वतः काम करून घेणार नसेल तर मध्ये संस्था लागते. तिच्याकडे आयकर कायद्याखालच्या १२-अ आणि ८०-जी नोंदण्या, सीएसआरची कामं घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. ‘एक ट्रस्ट काढून टाका’ म्हणणाऱ्यांना ही शेवटची अट ठाऊकच नसते. वाहतुकीवर काम करणारी जुनी संस्था गाठा. पैसा तिच्याकडे येईल आणि तुम्ही तिच्याशी निर्मितीचा करार कराल.

याच करारात लोक माती खातात. मोबदला देऊन फिल्म करवून घेतली आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक करवून घेणारा ठरतो. उद्या त्याने ठेकेदाराचा प्रसंग कापला तर तुम्ही नुसतं बघत बसायचं. कॉपीराइट आणि अंतिम संकलन तुमचं, हे स्पष्ट लिहून घ्या. पैसे देणाऱ्याला तथ्यांतल्या चुका दाखवायची मुभा द्या, तीही ठरलेल्या मुदतीत. हप्ते चित्रीकरण, रफ कट (पहिलं कच्चं संकलन), मास्टर (अंतिम प्रत) अशा टप्प्यांना बांधा. ‘काम समाधानकारक वाटल्यास’ हे शब्द दिसले की खोडा. ‘काळजी करू नका हो, आपलंच आहे सगळं’ याला कवडीची किंमत नाही.

हेल्मेट कंपनीला स्वतःचा ब्रँड पडद्यावर हवा असेल तर तो खर्च सीएसआर ठरत नाही. मालाच्या प्रसिद्धीसाठीचं प्रायोजकत्व नियमांनीच वगळलं आहे. आणि रस्ते बांधणाऱ्या कंपनीचा पैसा या विषयाला घेऊच नये, करार कितीही घट्ट असला तरी.

प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत द्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या आराखड्यात येतो. मार्चमध्ये ‘थोडे पैसे उरलेत’ असा फोन आला तर हुरळू नका. ३१ तारखेच्या घाईत फिल्म अर्धवट राहते. प्रकल्प ‘ऑनगोइंग’, म्हणजे एकाहून जास्त वर्षं चालणारा, म्हणून मंजूर करून घ्या. सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते.

परदेशी अनुदानासाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी पाहा. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.