परदेशातली वापरलेली इलेक्ट्रिक गाडी भारतात आणताय? पैसे भरण्याआधी हे तपासा

परदेशातला मुक्काम हलवताना घरसामानाबरोबर गाडीही येईल, असं बरेच जण गृहीत धरतात. तसं होत नाही. सीमाशुल्क कायद्यात मोटारगाडी ‘बॅगेज’मध्ये मोडतच नाही, त्यामुळे घरसामानाची सवलत तिला लागू नाही. तिची आयात वेगळी करावी लागते आणि जुन्या पेट्रोल गाडीच्या सगळ्या अटी तिलाही लागतात.

आधी वय बघा. निर्मितीच्या तारखेपासून गाडी ३ वर्षांहून जुनी चालत नाही. फसगत होते ती इथेच, कारण आपल्या हातात असते नोंदणीची तारीख. मार्चमध्ये नोंदलेली गाडी कारखान्यातून आधीच्या सप्टेंबरातही निघालेली असू शकते. कंपनीकडून निर्मितीचा महिना लेखी घ्या आणि मुदतीत निदान ६ महिने शिल्लक ठेवा; चाचण्या, जहाजाची वाट आणि प्रवास यांत ते भुर्रकन जातात.

स्टिअरिंग उजवीकडेच हवं. म्हणजे अमेरिका, जर्मनी, दुबईतल्या गाड्यांचा विषय संपला; ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया उरतात. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा लागतो. ब्रिटिश गाडी मैल दाखवते, पण डिजिटल पडदा असेल तर बहुधा सेटिंग बदलून भागतं.

चार्जिंगच्या सॉकेटचा जवळून फोटो मागवा. वर सात भोकांचा गोल आणि खाली दोन जाड भोकं दिसली तर ते सीसीएस-२, आपल्याकडच्या फास्ट चार्जरला चालणारं. जपानी गाड्यांत बऱ्याचदा शाडेमो हे वेगळ्या पद्धतीचं फास्ट चार्जिंग सॉकेट असतं, त्याचे चार्जर इथे शोधत फिरावं लागतं.

खरी अडचण मात्र सर्व्हिसची. आयातीच्या तारखेपासून ५ वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तेवढा काळ देशात सर्व्हिस मिळेल, याची हमी द्यावी लागते. प्रत्येक गाडीसाठी तसं घोषणापत्र आणि चाचणी संस्थेचा दाखला लागतो. जे मॉडेल भारतात विकलंच जात नाही, त्याच्या बॅटरीची, बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची जबाबदारी कोण घेणार? कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाकडून लेखी उत्तर आल्याशिवाय बयाणा देऊ नका. तोंडी ‘बघू, होऊन जाईल’ला काडीचा अर्थ नाही. याशिवाय जहाजावर चढवण्याआधी तपासणी करून भारतीय मोटार वाहन नियमांची पूर्तता होते असा दाखला हवा, आणि गाडी निर्मितीच्या वेळी मिळालेल्या मूळ मान्यतापत्राशी जुळते असाही.

आता पैसे. तुम्ही किती रुपयांना घेतली, यापेक्षा नव्या गाडीची यादीतली किंमत धरून घसारा, म्हणजे वयानुसार किंमतीतली घट, काढण्याची पद्धत आहे: पहिल्या वर्षी तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५. नवी ४० लाखांची असेल तर दोन वर्षांनी २८ टक्के वजा होऊन २८ लाख ८० हजार उरतात. त्यात जहाजभाडं आणि विमा मिळवा. या रकमेवर नुसतं सीमाशुल्कच सवापटीहून जास्त, म्हणजे ३६ लाखांच्या पुढे. जीएसटी त्यावर वेगळा. हा हिशेब कागदावर मांडला की बहुतेकांनी गाडी तिकडेच विकून इथे नवी घ्यावी, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

तरीही आणायचीच असेल, तर जहाज कंपनीला आधीच सांगा की गाडी लिथियम-आयन बॅटरीची आहे. धोकादायक मालाच्या नियमांत तिचा क्रमांक यूएन ३५५६. बॅटरीला धक्का बसलेली, अपघातात सापडलेली गाडी सहसा घेतली जात नाही. मोठी बॅटरी किती चार्ज ठेवायची ते जहाज कंपनी सांगते. दुर्लक्ष होतं ते १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीकडे. आठवडेच्या आठवडे उभ्या गाडीत अ‍ॅपची यंत्रणा तिला पिऊन टाकते आणि बंदरात गाडीचं दारही उघडत नाही. निघण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करा, रिमोट सेवा बंद करा, आणि आधीच्या मालकाच्या खात्यातून गाडी काढून घ्या.

बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, बंदर मुंबईच असू द्या. जुन्या गाड्यांना दुसरं बंदर चालत नाही. गाडी उतरल्यावर, पण कस्टम्समधून सुटण्याआधी, पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्य संस्थेची चाचणी लागते. त्या चाचणीची तारीख जहाज निघण्याआधीच पक्की करा, कारण गाडी बंदरात पडून राहिली की डिमरेज, म्हणजे उशिराचं भाडं, दिवसागणिक चढत जातं.