आठवड्यातून दोनदा, अर्धा तास: कमी वेळात मसल्स कसे वाढवायचे

आधीच सांगतो, ही हाय इंटेन्सिटी ट्रेनिंगची पद्धत आळशी माणसासाठी नाहीये. वेळ कमी लागतो ऐकून लोक खूश होऊन येतात आणि लेग प्रेसच्या (पायांनी वजन ढकलायचं मशीन) नवव्या-दहाव्या रेपला (वजन एकदा वर-खाली म्हणजे एक रेप) चेहरे बदलतात. आठवड्यातून दोन दिवस, सहा-सात एक्सरसाइज, प्रत्येकाचा एकच खरा सेट (न थांबता सलग मारलेले रेप्स), तीस-पस्तीस मिनिटांत घरी. पण तो एक सेट असा मारायचा की पुढचा रेप जीव तोडून लावला तरी वर जाणार नाही. लोक यातलं पहिलं तेवढं लक्षात ठेवतात, दुसरं सोईस्कर विसरतात आणि तीन महिन्यांनी म्हणतात एका सेटने काही होत नाही. बरोबरच आहे, अर्धवट मारलेल्या एका सेटने काहीच होत नाही.

असं का, तर आपलं शरीर स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लावत नाही. सुरुवातीला छोटे, न दमणारे तंतू काम करतात, ते कमी पडायला लागले की मग मोठे जोरदार तंतू एकेक करून जुंपले जातात, आणि फुगायची जास्त क्षमता नेमकी या मोठ्यांचीच असते. म्हणजे ज्याला सोळा रेप्स जमले असते तो दहावर थांबला, तर त्याने फक्त तयारी केली, खरं काम सुरू व्हायच्या आत वजन खाली ठेवलं. आणि असे तीन सेट मारले तरी तीनदा तयारीच झाली ना. वजन किती हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे, हलक्या वजनाने पंचवीस-तीस रेप्स मारत शेवटापर्यंत गेलात तरी मसल्स वाढतात, फक्त जळजळ इतकी होते की माणूस दमायच्या आधी कंटाळून सोडतो. म्हणून आठ ते बारा रेप्समध्ये हात टेकायला लागतील असं वजन सोयीचं.

हे काही कालचं फॅड नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये आर्थर जोन्स नावाचा एक विक्षिप्त माणूस होता, त्याने १९७० च्या सुमारास नॉटिलस नावाच्या व्यायामाच्या मशीन्स काढल्या आणि दिवसाचे तासन्‌तास जिममध्ये घालवणाऱ्यांना उघड वेड्यात काढलं. १९७३ मध्ये त्याने कोलोराडोत केसी व्हायेटर नावाच्या बॉडीबिल्डरवर प्रयोग केला आणि २८ दिवसांत १४ सेशनमध्ये सुमारे २८ किलो मसल चढल्याचा दावा केला. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, व्हायेटर १९७१ चा मिस्टर अमेरिका होता, मधे अपघात आणि आजारपणात त्याचं वजन खूप उतरलं होतं, आणि गमावलेलं शरीर परत येणं हे नवीन बनवण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. पुढे माइक मेंट्झर या बॉडीबिल्डरने हीच लाईन पकडली, आणि इंग्लंडच्या डोरियन येट्सने असा एकेक जोरदार खरा सेट मारत १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगचा सगळ्यात मोठा किताब, मारला. त्या लेव्हलला स्टिरॉइडसारखी औषधंही असतात, येट्सने ते स्वतः सांगितलंय, त्यामुळे त्याच्यासारखी पाठ होईल असं कोणी सांगत असेल तर तिथून निघा.

आपल्याकडे तालमीतली रीत बरोबर उलटी, शेकड्यांनी जोर आणि बैठका. त्यात चूक काही नाही, कुस्तीला दम लागतो आणि तो तसाच येतो. आपलं ध्येय वेगळंय एवढंच. आणि अजून एक गोंधळ मिटवून टाकू, हाय इंटेन्सिटी म्हटलं की लोकांना बर्पी, जंपिंग जॅक, घामाच्या धारा आठवतात, तो कार्डिओचा प्रकार झाला. इथे इंटेन्सिटी म्हणजे सेट किती शेवटापर्यंत नेला ते. घाम कमी येईल कदाचित, येऊ दे.

आता करायचं कसं. सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शनिवार, मधे दोन-तीन दिवस मोकळे राहतील असे दोन दिवस धरा. पहिले तीन-चार आठवडे फेल्युअरच्या, म्हणजे रेप अडकेपर्यंत जाण्याच्या, नादी लागू नका, हलक्या वजनाने हालचाल शिका, दोन-तीन रेप्स शिल्लक ठेवून थांबा, सांध्यांना आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या पट्ट्यांना सवय होऊ दे. मग खरा कार्यक्रम. पाय आधी, कारण तेच सगळ्यात मोठे आणि शेवटी ठेवले तर हमखास बुडतात: लेग प्रेस, मग लेग कर्ल (गुडघ्यात पाय वाकवून वजन ओढणं). त्यानंतर चेस्ट प्रेस (छातीसमोर ढकलणं), लॅट पुलडाऊन (वरून खाली ओढणं), शोल्डर प्रेस (डोक्यावर ढकलणं), सीटेड रो (बसून पोटाकडे ओढणं) आणि शेवटी काफ रेज (टाचा उचलणं, पोटऱ्यांसाठी). झालं. बायसेप्सचं काय हे विचारणार माहितीये, पुलडाऊन आणि रोमध्ये बायसेप्स चांगलेच काम करतात, तरी टी-शर्टच्या बाहीसाठी जीव तुटत असेल तर शेवटी बायसेप कर्लचा एक सेट मारा, मी बघितलं नाही असं समजतो.

मशीन का सांगतोय, तर मशीनवर अडकलात तर फार तर प्लेट्स खाली आपटतात. बारबेलच्या बेंच प्रेसला एकट्याने फेल्युअरपर्यंत जाणं म्हणजे छातीवर रॉड घेऊन पडणं, मागे विश्वासातला माणूस उभा असेल तरच करा, नाहीतर डंबेल घ्या. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरून रॉड उचलणं) तर दोन रेप्स शिल्लक असतानाच थांबा, तिथे पाय दमायच्या आधी कंबर वाकडी होते.

प्रत्येक एक्सरसाइजच्या आधी निम्म्या वजनाने सात-आठ रेप्सचा एक वॉर्मअप, दमायचं नाही. मग मिनिटभर थांबून खरा सेट. वर नेताना दोनेक सेकंद, खाली आणताना तीन-चार सेकंद, झटका नाही, खाली आपटून उसळी घेणं नाही. जिममध्ये बघा जरा, अर्धे लोक वजन उचलतात आणि मग सोडून देतात, म्हणजे अर्धा सेट गुरुत्वाकर्षणाने मारला. श्वास कोंडून दात-ओठ खाऊ नका, जोर लावताना सोडत राहा, शेवटच्या रेप्सना धापा लागल्या तरी लागू द्या पण अडकवायचा नाही, त्याने ब्लड प्रेशर एकदम चढतं. ज्यांना आधीच बीपी, हृदयाचा त्रास, हर्निया, स्लिप डिस्क वगैरे आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय फेल्युअरचं ट्रेनिंग करायचं नाही, यात चर्चा नको.

आता फेल्युअर ओळखायचं कसं, कारण सगळा खेळ इथेच आहे. जळतंय म्हणून थांबणं वेगळं आणि जात नाही म्हणून थांबणं वेगळं. एकदा असं करून बघा, ज्या वजनाने नेहमी दहा मारता तेच चेस्ट प्रेसला लावा, मोजायचं काम मित्राला किंवा ट्रेनरला द्या आणि त्याला आकडा बोलू नको म्हणून सांगा, मग वजन अर्ध्यात अडकेपर्यंत चालू ठेवा. बऱ्याच जणांचे चौदा-पंधरा होतात आणि स्वतःचाच राग येतो. खूण अशी की तुम्ही पूर्ण जोर लावताय आणि तरी रेप आपोआप हळू होत चाललाय, जो दोन सेकंदांत वर जात होता त्याला पाच लागतायत, आणि पुढचा मधेच थांबतो. थांबला की दोन-तीन सेकंद ढकलत राहा आणि मग सावकाश खाली. पण ढुंगण सीटवरून उठलं, पाठीची कमान झाली, मान ताणली गेली तर सेट तिथेच संपला, पुढचे रेप्स धरायचे नाहीत. ट्रेनर मागून हात लावून अजून चार म्हणत असेल तर ते चार त्याचे आहेत, तुमचे नाहीत.

दोन एक्सरसाइजमध्ये दोन मिनिटं थांबा. घाई करून श्वास फुलवला तर पुढच्या सेटमध्ये स्नायूच्या आधी दम संपतो. या दोन मिनिटांत फोनऐवजी वही उघडा. हो, वही. ॲप चालेल पण जिममध्ये फोन हातात घेतला की काय होतं हे मी सांगायला नको. तारीख, मशीन, सीट कितव्या भोकावर, वजन, रेप्स. ‘लेग प्रेस ८० किलो, ९’ एवढंच. पुढच्या वेळी १० करायचेत, हे जिममध्ये शिरायच्या आधी माहीत पाहिजे. स्वच्छ बारा झाले की वजन वाढवा, वरच्या अंगाला अडीच किलो, पायाला पाच. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये मशीनची प्लेट पाच किलोच्या खाली सरकतच नाही, तिथे बारावर उडी न मारता चौदा-पंधरापर्यंत जा आणि मग वाढवा, रेप्स सात-आठवर येतील, ठीक आहे, परत चढा. वही नसेल तर ही पद्धत चालत नाही, कारण सेटच कमी आहेत, त्यात वाढ होतेय की नाही हे आठवणीवर सोडलं तर वर्षभर तेच वजन फिरवत बसाल.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. आठवड्याला जास्त सेट मारले तर मसल्स जास्त वाढतात, अभ्यासांत ते दिसलंय, फक्त प्रत्येक वाढीव सेटचा फायदा आधीच्यापेक्षा कमी होत जातो. म्हणजे एका सेटने बराचसा माल मिळतो, सगळा नाही. ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला जिममध्ये बसायला आवडतं त्याने चार दिवस जावं, माझं ऐकू नये. ऑफिस, लोकल, मुलं यात अडकलेल्याला हे परवडतं. काही महिन्यांनी एखादा भाग मागे पडलाय वाटलं तर फक्त त्याचा दुसरा सेट वाढवा, सगळ्यांचा नको.

खाणं. इथे मराठी घरातली थाळी मार खाते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या वर, साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११० च्या आसपास. आता वाटीभर वरणात फार तर ६-७ ग्रॅम, पातळ असेल तर त्याहून कमी. पोहे-उपम्यात नावापुरतं. अंड्यात ६, पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, मटकीच्या उसळीच्या वाटीत ७-८, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १०, आणि पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये तब्बल २६, स्वस्तात एवढं दुसरं काही देत नाही, चव मात्र मसाल्याच्या जिवावर आणावी लागते. चिकन, बांगडा, सुरमई खाणाऱ्यांचं सोपंय, दीडशे ग्रॅमचा तुकडा पोटात गेला की तीसेक ग्रॅम सुटले. शाकाहारी माणसाचा हिशोब असा बसतो: सकाळी दोन पेले दूध, दुपारी उसळ, तीन पोळ्या, दही, संध्याकाळी फुटाणे, रात्री सोया चंक्सची भाजी आणि दोन भाकऱ्या, एवढ्यात ८० च्या आसपास येतं, वर शंभर ग्रॅम पनीर किंवा व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप, की शंभरच्या आसपास पोचलात, दोन्ही घेतलंत तर आकडा पार. शेंगदाण्यात प्रोटीन असतं पण तेल त्याहून जास्त, त्यामुळे मूठभर ठीक, वाडगाभर नको. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर मसल्स वाढत नाहीत, त्या दिवशी दूध, दही, पनीर वाढवा किंवा उपास आणि जिमचा दिवस वेगळा ठेवा. क्रिएटिन (जोर वाढायला घेतात ती पावडर) घ्यायचं तर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, बाकीचे रंगीत डबे दुकानातच राहू द्या. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रोटीन आणि क्रिएटिन दोन्ही डॉक्टरला विचारून.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागेल, दोन-तीन दिवसांत जातं. पण अंग भयंकर सुजलंय, हात-पाय हलवता येत नाहीत आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होतेय, तर ते दुखणं नेहमीचं नाही, लगेच दवाखाना गाठा. मधल्या दिवसांत चाला, पोरांबरोबर क्रिकेट खेळा, जिम नको. सात-साडेसात तास झोप.

जिम नसेल तर घरी जमतं, थोडं जुगाड लागतं. मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायाची बैठक, पाठीवर पुस्तकं आणि पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक. पाय पलंगावर ठेवून जोर, तेही सॅकसकट. दाराला पुलअपचा बार मिळतो तो नीट ठोकून घ्या. रोसाठी वीस लिटरचा पाण्याचा जार, भरलेला असला की वीस किलोच्या वर जातो, झाकण आधी तपासा. नियम तेच, वही तीच, सॅकमध्ये बाटल्या किती तेही लिहायचं.

तीन-चार महिन्यांनी कुठलातरी आकडा अडकेल. सलग तीन सेशन एकही रेप वाढला नाही तर आधी मागच्या दोन आठवड्यांची झोप आणि जेवण आठवा, बहुतेक वेळा गणपती किंवा लग्नसराई सापडते. ते ठीक असेल तर आठवडाभर पूर्ण सुट्टी घ्या, परत आल्यावर दहा टक्के वजन उतरवून सुरू करा. तरीही हलत नसेल तर आठवड्यातून दोनदाऐवजी पाच दिवसांतून एकदा करून बघा, विशेषतः चाळिशीच्या पुढे हे बऱ्याच जणांना मानवतं. आणि सगळ्यात शेवटी एक्सरसाइज बदला, चेस्ट प्रेसऐवजी डंबेल प्रेस, पुलडाऊनऐवजी पुलअप. बदललं की वहीत नवीन पान घ्या आणि जुन्या आकड्याशी तुलना करू नका, कारण एका मशीनचे चाळीस किलो आणि शेजारच्या मशीनचे चाळीस किलो सारखे नसतात, कप्प्या वेगळ्या असतात.