‘स्टोरेज फुल’ दिसलं की लगेच डिलीट? या चुका टाळा

“फोनची मेमरी भरली होती, म्हणून फोटो डिलीट केले. गूगलवर तर होतेच. आता तिथंही दिसत नाहीत, काय करू?” फोन-कॉम्प्युटरबद्दलच्या प्रश्नांत इतक्या काकुळतीने विचारला जाणारा दुसरा प्रश्न नसेल. बारशाचे फोटो, वडिलांच्या शेवटच्या आजारपणातले व्हिडिओ, साइटवर केलेल्या कामाचे पुरावे असं काहीबाही त्यात गेलेलं असतं. चोराने नेलेलं नसतं, फोनही बिघडलेला नसतो. जागा करायच्या घाईत आपल्याच बोटाने ते गेलेलं असतं.

गोंधळ होतो तो बॅकअप आणि सिंक यांत. बॅकअप ही वेगळी काढून ठेवलेली प्रत असते. मूळ फाइल गेली तरी ती जागच्या जागी राहते. सिंक मात्र दोन्हीकडचा साठा सारखा ठेवतं: इकडे फोटो आला की तिकडे पोचतो आणि इकडून काढला की तिकडूनही निघतो. एकाच विहिरीवर दोन रहाट बसवले म्हणून पाणी दुप्पट होत नाही, तसंच हे. फोन, टॅब्लेट, लॅपटॉप अशा तीन ठिकाणी फोटो दिसतो, पण खरा साठा एकच असतो. अडचण अशी, की कंपन्या या दोन्ही गोष्टींना सर्रास ‘बॅकअप’च म्हणतात. म्हणून काहीही डिलीट करण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: याची दुसरी, स्वतंत्र प्रत नक्की कुठे आहे?

गूगल फोटोज: डिलीट आणि ‘फ्री अप स्पेस’ यांतला फरक

गूगल फोटोज ॲपमध्ये बॅकअप चालू असताना एखादा फोटो डिलीट केला, तर तो फोनमधून जातो, गूगलच्या खात्यातून जातो आणि त्या खात्याने जोडलेल्या इतर उपकरणांतूनही जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल, तर त्याच ॲपमध्ये वर उजवीकडे आपल्या प्रोफाइल चित्रावर टॅप करा आणि ‘फ्री अप स्पेस’ निवडा. गूगलच्या खात्यात पोचलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत त्याने निघते. एखाद-दुसऱ्या फोटोसाठी ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ असा पर्यायही आहे.

मग शेजाऱ्याने गॅलरीतून बेधडक डिलीट केलं, तरी त्याचे फोटो गूगलवर शाबूत कसे राहिले? त्याच्या फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं गॅलरी ॲप वेगळं असणार. त्यातून काढलेला फोटो साधारणपणे फोनमधूनच जातो. काही फोनांत मात्र वेगळी गॅलरी नसतेच, गूगल फोटोज हीच गॅलरी असते. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या, परिणाम मात्र उलटा. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर चाललेली युक्ती आपल्या फोनवर वापरण्याआधी आपण नेमक्या कोणत्या ॲपमध्ये आहोत, ते नाव वाचून घ्या.

‘फ्री अप स्पेस’ दाबण्याआधीही दोन गोष्टी तपासाव्यात, आणि इथे आळस करू नये असं मला मनापासून वाटतं. पहिली, बॅकअप खरंच पूर्ण झालाय का? प्रोफाइल चित्रावर टॅप केलं की ते कळतं. बऱ्याच फोनांत बॅकअप फक्त वायफायवर होईल अशी सेटिंग असते आणि घरी वायफाय नसल्याने तो कित्येक महिने अडकून पडलेला असतो. दुसरी गोष्ट, तो कोणत्या खात्यात चाललाय? मुलाने फोन घेऊन देताना स्वतःचं जीमेल टाकलेलं असतं, पुढे दुकानदाराने आणखी एक उघडलेलं असतं, आणि फोटो तिसऱ्याच खात्यात जात असतात. खात्री करायची तर दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्या खात्याने गूगल फोटोज उघडा आणि जुने दोन-चार फोटो पूर्ण आकारात दिसतात का ते पाहा.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो या बॅकअपमध्ये आपोआप येतीलच असं नाही. कॅमेऱ्याचे फोटो जातात. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट, डाउनलोड अशा फोल्डरांसाठी ‘बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स’मध्ये जाऊन एकेक बटण चालू करावं लागतं. लग्नाचे सगळे फोटो नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवरच आले असतील, तर हे आवर्जून बघा.

गूगलच्या मोफत जागेबद्दलही गैरसमज आहे. ‘हाय क्वालिटी’ फोटो कितीही ठेवा, ही सोय 1 जून 2021 पासून बंद झाली. त्यानंतरचा प्रत्येक फोटो 15 जीबीत मोजला जातो आणि त्या 15 जीबीत जीमेल व ड्राइव्हही येतात. ही जागा भरली की फोटोंचा बॅकअप थांबतोच, शिवाय जीमेलवर नवे मेल येणंही बंद होतं. बँकेचा किंवा नोकरीच्या मुलाखतीचा मेल आलाच नाही, यामागे कधीकधी भरलेले फोटो असतात.

आयफोनवर तत्त्व हेच आहे. आयक्लाउड फोटोज (ॲपलची ऑनलाइन फोटो साठवण्याची सोय) चालू असताना आयफोनमधून काढलेला फोटो आयपॅडवरूनही जातो आणि मोफत जागा अवघी 5 जीबी. तिथे जागा वाचवायची तर ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू करावं. मूळ फोटो आयक्लाउडमध्ये राहतो आणि फोनमध्ये लहान आवृत्ती.

व्हॉट्सॲप: नवा फोन घेतानाची घाई

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यात जातो. पूर्वी तो 15 जीबीत धरत नसत. 2024 पासून टप्प्याटप्प्याने धरायला लागले. त्यामुळे खातं भरलं की चॅटचा बॅकअपही अडतो, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. ती तीन महिन्यांपूर्वीची असेल, तर आज फोन हरवल्यावर मधल्या तीन महिन्यांचं बोलणं परत मिळवणं जवळपास अशक्य. तिथेच ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद केलं की बॅकअपचा आकार बराच उतरतो. हवे ते व्हिडिओ वेगळे काढून ठेवता येतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक नव्या फोनवर होते. नंबर टाकला की ‘बॅकअप सापडला, रिस्टोअर करायचा का?’ असं ॲप विचारतं. वेळ लागेल किंवा नेटपॅक संपेल म्हणून आपण ‘स्किप’ दाबतो. चॅट कोरं सुरू होतं, आणि पुढे जेव्हा आपोआप बॅकअप होतो तेव्हा जुन्या मोठ्या बॅकअपवर हा नवा, रिकामा बॅकअप चढतो. चुकून ‘स्किप’ झालंच तर आधी चॅट बॅकअपमध्ये जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा, मग व्हॉट्सॲप काढून पुन्हा इन्स्टॉल करा. रिस्टोअरचा प्रश्न परत विचारला जातो. बॅकअप सापडतच नसेल, तर नव्या फोनवर वेगळं गूगल खातं टाकलेलं असण्याची शक्यता जास्त. नंबर आणि गूगल खातं, दोन्ही जुनीच लागतात.

जुना फोन हातात असेल तर क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्याच्या, भानगडीत न पडताही काम होतं. चॅट्समध्ये ‘ट्रान्सफर चॅट्स’ आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर कोड स्कॅन करायचा. हे अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर जाताना. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं असेल, तर गूगलमधला बॅकअप आयफोन वाचू शकत नाही. ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप वापरावं लागतं, तेही आयफोनच्या अगदी पहिल्या सेटअपच्या वेळी. आयफोन महिनाभर वापरून झाल्यावर ही आठवण झाली, तर तो आधी रिसेट करावा लागतो. म्हणून एक्स्चेंज ऑफरच्या नादात जुना फोन दुकानातच फॉरमॅट करून देऊ नका. नव्या फोनवर चॅट, फोटो, संपर्क आणि बँकेची ॲप नीट चालल्याचं आठवडाभर पाहा आणि मगच तो हातावेगळा करा.

बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (फक्त आपल्यालाच उघडता येईल असं कुलूप) लावलं असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा 64 अक्षरांची किल्ली (‘की’) कागदावर लिहून ठेवा. ती हरवली आणि जुना फोनही हाताशी नसला, तर खुद्द व्हॉट्सॲपलाही बॅकअप उघडता येत नाही.

“मी महत्त्वाचे फोटो स्वतःच्याच ग्रुपवर पाठवून ठेवलेत” असंही बरेच जण सांगतात. यात दोन त्रुटी आहेत. पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो, त्यामुळे मूळ तपशील जातो. आणि पोचलेली फाइल व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरवर कायम सांभाळत नाही. फोनमधून ती गेली, की काही काळाने ‘पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा’ एवढाच संदेश मिळतो. मूळ दर्जा हवा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. 2 जीबीपर्यंतची फाइल तशी जाते.

जागा मात्र व्हॉट्सॲपमध्येच सापडते, आणि भरपूर. ‘स्टोरेज अँड डेटा’मधल्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दाखवतात. सुप्रभात, शुभ दीपावली, तेच ते व्हिडिओ तिथून निश्चिंत मनाने काढा. मग ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करा, म्हणजे पुढच्या महिन्यात हीच वेळ येणार नाही.

‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ शेजारी असतात

पहिलं दाबायला हरकत नाही. ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइल जातात. दुसरं दाबलं तर ॲप नुकतंच इन्स्टॉल केल्यासारखं कोरं होतं: लॉगिन जातं, ऑफलाइन साठवलेलं जातं, व्हॉट्सॲपमधली चॅट जातात. काही फोनांत त्यालाच ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणतात, आणि स्टोरेजच तर मोकळं करायचंय म्हणून माणूस नेमकं तेच दाबतो. ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ नावाची ॲप टाकूच नका; फोनमध्ये ही सोय आधीपासून असते.

लॅपटॉपवर ‘डेस्कटॉप रिकामा झाला’

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बऱ्याच घरांत, कार्यालयांत विंडोज 11 चे लॅपटॉप आले. त्यावर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला, जोडले जाऊ शकतात. मोफत जागा 5 जीबी, म्हणजे काही दिवसांतच ‘वनड्राइव्ह फुल’. मग लोक वेबसाइटवर जाऊन तिथल्या फाइल उडवतात आणि त्या लॅपटॉपवरूनही उडतात. सिंकच ते.

फाइलच्या नावाशेजारचं चिन्ह बघायची सवय लावा. नुसता ढग असेल तर ती फाइल फक्त ऑनलाइन आहे, नेट नसेल तर उघडणार नाही. हिरवी खूण असेल तर ती लॅपटॉपवरही आहे. हे जोडणं नको असेल, तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून फोल्डरांचा बॅकअप थांबवा. त्यानंतर डेस्कटॉप मोकळा दिसला तर घाबरू नका. फाइल वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमधल्या ‘डेस्कटॉप’मध्ये असतात, तिथून परत जागेवर आणता येतात.

पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क

सगळं हार्ड डिस्कवर कट-पेस्ट केलं आणि फोन रिकामा केला, तर तो बॅकअप झाला नाही. एकमेव प्रत फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेली. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने मांडलेला 3-2-1 चा नियम इथे उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती हिशोबात सांगायचं तर एक फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा भावाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर.

अविश्वसनीय स्वस्तात मिळणारा 1 किंवा 2 टीबीचा पेनड्राइव्ह घेऊ नका. अशा बनावट पेनड्राइव्हमध्ये खरी जागा फार थोडी असते, पण कॉम्प्युटरला तो मोठी सांगतो. फाइल कॉपी झाल्यासारख्या दिसतात, नावंही दिसतात, उघडायला गेलं की बिघडलेल्या निघतात. नवा पेनड्राइव्ह वापरण्याआधी विंडोजवर ‘एच2टेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रॅमने तपासता येतो.

आधीच डिलीट झालं असेल तर

पहिल्यांदा ट्रॅश बघा, आणि जागा करायची म्हणून तोच रिकामा करू नका. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो. आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये, गूगल ड्राइव्हमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये साधारण 30 दिवस. संपर्क उडाले असतील तर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबसाइटवर ‘अनडू चेंजेस’ने गेल्या 30 दिवसांतल्या एखाद्या वेळेला होती तशी यादी परत आणता येते.

ट्रॅशमधूनही गेलं असेल, तर फोनच्या अंतर्गत मेमरीतून परत मिळण्याची आशा फारच कमी. आताच्या फोनांतला मजकूर एन्क्रिप्टेड असतो, आणि ‘सगळे फोटो परत मिळवा’ म्हणणारी ॲप बहुतेक वेळा लहान, धूसर थंबनेल दाखवून पैसे मागतात. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्हचं तसं नाही. त्यावर त्या क्षणापासून काहीही नवं साठवू नका, ते काढून कॉम्प्युटरला लावा आणि ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्रॅम वापरून पाहा. सापडलेल्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र कोणताही प्रोग्रॅम चालवू नका. केबल काढून डिस्क तशीच ठेवा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडे न्या. ती उघडू देण्याआधी किती खर्च येईल आणि काहीच मिळालं नाही तर किती द्यावा लागेल, हे लेखी घ्या.