गर्शविनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' पहिल्यांदा ऐकायची तर कशी ऐकायची

वेस्टर्न क्लासिकलचं नाव काढलं की आपल्याकडे जळगाव-धुळ्याचे लोक लगेच हात जोडतात, भाऊ ते आपल्याला कळत नाही म्हणे. मला हे पटत नाही. ज्याने लहानपणापासून लग्नाच्या बँडमधे क्लॅरनेट ऐकलंय त्याच्यासाठी जॉर्ज गर्शविन हा अमेरिकन संगीतकार ही एकदम बरोबर सुरुवात आहे, आणि त्यातही पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची त्याची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'.

आधी रेकॉर्डिंग निवडा. लिओनार्ड बर्नस्टाइन या संगीतकाराचं १९५९ चं घ्या, पियानो पण तोच वाजवतो आणि ऑर्केस्ट्रा पण तोच चालवतो, साधारण सोळा-सतरा मिनिटं आहे. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर येतच नाहीत, साधा वायरवाला हेडफोन पण चालेल. आणि पंखा बंद करा, निदान पहिल्या दोन मिनिटांपुरता, एप्रिल-मे मधे हे सांगणं जड आहे पण करा.

पहिल्यांदा फक्त सुरुवात ऐका, तीच तीच परत लावून. क्लॅरनेट खालच्या सुरावर थरथरतं आणि मग सरळ वर चढत जातं, मधले सूर सुटे न राहता एकमेकांत वितळतात, म्हणजे आपली मींडच. गर्शविनने तिथे १७ सुरांची साधी चढती तान लिहिली होती, रिहर्सलला रॉस गॉर्मन नावाच्या वादकाने गंमत म्हणून ती घसरवत वाजवली आणि गर्शविन म्हणाला असंच ठेव. आज जगभर तशीच वाजते.

आता घरात हार्मोनियम असेल तर सा धरून कोमल ग आणि शुद्ध ग लागोपाठ दाबा, मग दोन्ही एकदम. कानाला खुपेल, पण ब्लूज या अमेरिकन गाण्याच्या प्रकाराचा रंग तिथेच आहे, त्या दोघांच्या मधे कुठेतरी. पियानोवर मींड काढता येत नाही म्हणून जॅझवाले कोमल ग शुद्ध ग वर असा चिरडून वाजवतात. हे कानात बसलं की पूर्ण रचनेत तो सूर सापडत राहतो. हा रंग अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यातून आलेला आहे, गर्शविनने तो तिथून घेतला, हे ऐकताना लक्षात असू द्या.

दुसऱ्या वेळी पियानोचा माग काढत ऐका. १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमधे पॉल व्हाइटमनच्या बँडसोबत पहिला प्रयोग झाला तेव्हा पियानोवर स्वतः गर्शविन होता, वय २५, आणि पियानोचा काही भाग कागदावर नव्हताच! बँडसाठी मांडणी फर्डी ग्रोफेने केली, आणि एका ठिकाणी स्कोअरमधे, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीत, चक्क लिहिलेलं की गर्शविनने मान हलवेपर्यंत थांबा. म्हणून पियानो एकटा असतो तिथे ताल मोजत बसू नका, आलापीसारखं सोडून द्या.

दहा-अकरा मिनिटांनंतर मोठी संथ धून येते, ती वेगळी सांगायची गरज नाही, आपोआप कळेल. पण ती संपल्यावर उठू नका, पुढे पियानोवर दोन्ही हात आळीपाळीने एकेक सूर फटाफट ठोकतात तिथे लक्ष द्या. बोस्टनला जाताना ट्रेनच्या खडखडाटात या रचनेचा आराखडा सुचला असं गर्शविनने सांगितलंय, आणि भुसावळच्या माणसाला ती लय समजावून सांगायची काही गरज नाही.

नंतर काय? लगेच १९२५ चा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे त्याची पियानो-ऑर्केस्ट्राची मोठी रचना, लावू नका, तो लांब आहे. आधी 'पोर्गी अँड बेस' या १९३५ च्या ऑपेरातली (म्हणजे संगीत नाटकातली) 'समरटाइम' ही अंगाई ऐका, दोन-तीन मिनिटांची आहे, आणि मग १९२८ ची 'ॲन अमेरिकन इन पॅरिस', तिच्यात पॅरिसच्या टॅक्सींचे खरे भोंगे वाजतात, त्याने तिथून विकत आणलेले. १९३७ मधे ब्रेन ट्यूमरने गेला तेव्हा तो फक्त ३८ वर्षांचा होता, त्यामुळे ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना मोजक्याच आहेत आणि महिनाभरात सगळ्या निवांत ऐकून होतात.