रिपोर्टवरचं 'ओएस' कसं वाचायचं

मिरजेत एका एक्स-रे आणि सोनोग्राफी सेंटरवर मी रिपोर्ट टाइप करते. डॉक्टर सांगतात, मी बडवते, आणि पेशंट पाकीट फोडून काउंटरवरच वाचायला लागतो. मग मोबाइल निघतो, एकेक शब्द शोधला जातो आणि 'ओएस'पाशी गाडी हमखास अडते. कारण मोबाइल म्हणतो तोंड, मग म्हणतो हाड, मग डावा डोळा. त्याआधी कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम असतेच.

तेव्हा शोधाशोध नंतर करा, आधी कागद कुठल्या खात्याचा आहे ते बघा. सोनोग्राफीचा, हाडांचा, डोळ्यांचा की औषधाची चिठ्ठी? निम्मा घोळ इथेच मिटतो. दुसरं, अक्षरं कॅपिटल आहेत की स्मॉल तेही बघा. स्मॉल असतील तर तो बहुतेक पूर्ण लॅटिन शब्द असतो आणि डॉक्टर तो 'ऑस' असा वाचतात. कॅपिटल असतील तर ते कशाचं तरी संक्षिप्त रूप. अर्थात सगळा रिपोर्टच कॅपिटलमध्ये छापणारी सेंटरं आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही.

खरं तर लॅटिनमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. दीर्घ स्वराचा 'ओस' म्हणजे तोंड, ऱ्हस्व स्वराचा 'ऑस' म्हणजे हाड. आपल्या 'दिन' आणि 'दीन'सारखंच, फक्त आपल्याला वेलांटी दिसते आणि लॅटिन लिहिताना हा फरक सहसा दाखवत नसत. आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो शहराचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनाही याचा त्रास झाला होता. आफ्रिकेतल्या लोकांच्या कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, तेव्हा हाडासाठी सरळ 'ऑसुम' हा पंडितांना न रुचणारा बोलीतला शब्द वापरावा, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मी त्यांच्याच बाजूची.

आता सोनोग्राफीचा कागद, कारण सगळ्यात जास्त जीव इथेच टांगणीला लागतो. गरोदर बाईच्या रिपोर्टमध्ये 'इंटर्नल ऑस क्लोज्ड' असं असतं. उच्चार 'ऑस' केला तरी इथे अर्थ तोंड, आपण ज्याला पिशवीचं तोंड म्हणतो ते. पिशवीच्या खालच्या टोकाला छोट्या नळीसारखा भाग असतो. त्याचं बाळाकडचं तोंड म्हणजे इंटर्नल ऑस आणि योनीकडचं ते एक्स्टर्नल ऑस. एकदा एक सासूबाई रिपोर्ट वाचून घेऊन माझ्याकडे आल्या, "बाई, तोंड बंद हाय म्हंत्यात, मग बाळ यायचं कुठनं?" म्हटलं, "मावशी, अजून पाचवा महिना आहे. आत्ता बंदच पाहिजे." क्लोज्ड ही चांगली बातमी आहे.

त्याच्याच शेजारी 'सर्व्हायकल लेंग्थ' असते, म्हणजे त्या नळीची लांबी. २४ आठवड्यांच्या आत ही लांबी २.५ सेंमीपेक्षा कमी आली तर डॉक्टर सावध होतात. मग कुणाला प्रोजेस्टेरॉनचं औषध, कुणाला टाका, कुणाला नुसतं परत सोनोग्राफीला बोलावणं. 'फनेलिंग' असा शब्द दिसला तर आतलं तोंड नरसाळ्यासारखं उघडायला लागलंय असं समजा आणि रिपोर्ट त्याच दिवशी दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तिसरी ओळ वारेची. 'लोअर एज अमुक सेंमी फ्रॉम इंटर्नल ऑस' म्हणजे वारेची खालची कड आतल्या तोंडापासून किती लांब आहे. हे अंतर २ सेंमीपेक्षा कमी असेल तर 'लो-लाइंग', आपल्या भाषेत वार खाली आहे. वारेने तोंडच झाकलं असेल तर 'प्रीव्हिया', आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली तर सिझेरियन. पण पाचव्या महिन्यात वार खाली दिसली म्हणून लगेच रडारड नको. पिशवी वाढते तसा तिचा खालचा भाग ताणला जातो आणि बऱ्याच जणींची वार वर सरकल्यासारखी होते. म्हणून ३२ आठवड्यांच्या आसपास पुन्हा बघतात. तोवर एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: रक्त गेलं तर, दुखत नसलं तरी, थेट दवाखाना. नवीन डॉक्टर असतील तर आतून तपासायच्या आधी वार खाली असल्याचं सांगायचं.

कळा सुरू झाल्यावरच्या कागदावर 'ऑस ४ सेंमी' असं लिहितात. पूर्ण उघडलं म्हणजे १०.

हाडांच्या कागदावर खूण सोपी आहे. 'ऑस'च्या पुढे आणखी एक नाव लागलेलं असतं. 'ऑस कॅल्सिस' म्हणजे टाचेचं हाड. 'ऑस ट्रायगोनम' घोट्याच्या मागच्या बाजूला काही जणांना असतं, छोटंसं जादा हाड. कबड्डीत पाय मुरगळलेलं पोर येतं, फिल्मवर सुटा तुकडा दिसतो आणि घरचे म्हणतात हाड मोडलं. ऑस ट्रायगोनम लिहिलंय म्हणजे त्या तुकड्याला रेडिओलॉजिस्ट मोडकं हाड म्हणत नाहीत. दुखत मात्र तिथेही असू शकतं, त्यामुळे हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

डोळ्यांकडे कॅपिटल 'ओएस' म्हणजे ऑक्युलस सिनिस्टर, डावा डोळा. 'ओडी' उजवा (ऑक्युलस डेक्स्टर), 'ओयू' दोन्ही. चष्म्याच्या नंबरात सहसा उजवा आधी लिहितात. खरी ठेच लागते ती थेंबांना. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, तेही लॅटिनच, 'ओम्नी डिए'. आता बाटलीवर '१ थेंब ओडी' असेल तर उजव्या डोळ्यात की दिवसातून एकदा? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन-तीन बाटल्या मिळतात, तेव्हा कंपाउंडरकडून प्रत्येक खोक्यावर मराठीत डोळा आणि वेळा लिहून घ्या. ते कुरकुरतील, लिहून घ्याच.

औषधांत 'पर ऑस' म्हणजे तोंडाने, 'पीओ' हे त्याचंच रूप. हे 'ओएस' डावा डोळा म्हणून वाचलं जाण्याचा धोका असतो, त्यामुळे 'पर ऑस' लिहूच नये असं औषध-सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्था सांगतात. जुलाबाच्या ओआरएसमधला 'ओ' म्हणजे ओरल, तोही याच तोंडातून आलेला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री फाइलवर 'एनपीओ' असतं, निल पर ऑस, कुठे 'एनबीएम' (निल बाय माउथ) लिहितात. तोंडात काही नाही म्हणजे चहा नाही, बिस्किट नाही, आणि तंबाखूची चिमूटही नाही. मिश्रीसुद्धा नको. पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि बीपीची सकाळची गोळी घ्यायची का, हे दोन्ही भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

कॅन्सरच्या कागदांत 'ओएस' इंग्रजी असतं, ओव्हरऑल सर्व्हायव्हल. तो अनेक पेशंटचा मिळून काढलेला आकडा, त्यात तुमच्या माणसाची तारीख शोधू नका.

आणि चिठ्ठीवरच्या 'एसओएस'मध्ये आपला ओएस नाहीच. 'सि ओपुस सित', गरज पडली तर. तापाच्या गोळीपुढे ते दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, ताप नसेल तर गोळी घ्यायची नाही. फक्त दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर ठेवायचं आणि दिवसाला जास्तीत जास्त किती घ्यायच्या, एवढं तिथेच विचारून घ्या.