आधी दगड मोजा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात मी माइनक्राफ्ट या ठोकळे फोडायच्या-रचायच्या ऑनलाइन गेमच्या एका छोट्या सर्व्हरवर मॉडरेटर, म्हणजे नियम सांभाळणारा, झालो. पगार शून्य, शिव्या भरपूर. आता नवी पोरं विचारतात, 'दादा, बॅन कधी करायचा?' तेव्हा मी त्यांना माझा पहिला बॅन सांगतो.

तक्रारीसोबत एक छोटी क्लिप होती. पठ्ठ्या बोगद्यातून चाललाय, अचानक डावीकडे वळतो, चार दगड फोडतो आणि समोर हिरे. एक्स-रे! म्हणजे दगडाआड दडलेलं खनिज दाखवणारी चिटिंग. मी क्लिप दोनदा पाहिली आणि बॅन ठोकला. चॅटवर सगळे खूश. मीही.

दोन दिवसांनी त्याचं अपील आलं: मित्रानं कोऑर्डिनेट्स, म्हणजे जागेचे आकडे, दिले होते. मी हसलो. आमच्या सीनियर मॉडरेटर ताईनं एवढंच विचारलं, "लॉग बघितलास?"

नव्हता बघितला. सर्व्हरवर कोअरप्रोटेक्ट होतं. कुठला ब्लॉक कुणी, कधी फोडला ते सगळं त्यात सापडतं. आदल्या रात्री त्या मित्रानं तिथलाच एक दगड फोडून पुन्हा बुजवला होता. हिरे सोडून का गेला? त्याच्याकडे दगडी पिकॅक्स होती. तिनं हिऱ्याचा ब्लॉक फोडला तर तो फुटतो, पण हातात काहीच येत नाही. लोखंडी तरी लागते. आणि बॅन झालेल्या पोरानं आठवडाभर शेकडो दगड फोडले होते, त्यातून हिरे मिळाले ते एवढेच. क्लिपमध्ये ते शेकडो दगड कोण दाखवणार?

दगड मोजायचे कसे, हे मला ड्रीमच्या प्रकरणातून कळलं. डिसेंबर 2020 मध्ये स्पीडरनच्या, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवायच्या शर्यतीच्या, मॉडरेटर मंडळींनी चिटिंगच्या संशयावरून या प्रसिद्ध यूट्यूबरच्या सहा लाइव्ह स्ट्रीम तपासल्या. गेममधल्या पिग्लिन या प्राण्याला सोनं दिलं की कधीकधी गेम संपवायला लागणारा एंडर पर्ल मिळतो, तेव्हाच्या आवृत्तीत साधारण शंभरात पाचदा. ड्रीमला 262 सौद्यांत 42 वेळा मिळाला. हिशेबानं बाराएक वेळा मिळायला हवा होता. ब्लेझ नावाचा राक्षस मारल्यावर, तसाच लागणारा, रॉड मिळण्याची शक्यता निम्मी, त्याला 305 मध्ये 211 मिळाले. 'नशीब चांगलं होतं तेवढ्याच स्ट्रीम निवडल्या' हा आक्षेप येणार हे ओळखून त्यांनी त्याची सूट आधीच हिशेबात धरली होती. तरी शक्यता निघाली साडेसात लाख कोटींत एक! ड्रीम आधी भांडला. मे 2021 मध्ये त्यानं कबूल केलं की त्याच्या मॉडमुळे, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-प्रोग्राममुळे, शक्यता बदलल्या होत्या. आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं. आरोपीला एवढी सूट देऊन केलेला हिशेब मी त्याआधी पाहिला नव्हता.

आमच्याकडे खरी मारामारी मात्र पुराव्यावर झाली नाही, नियमावर झाली. लॉग दाखवल्यावर तक्रारदार म्हणाला, "ठीक, एक्स-रे नाही. पण दुसऱ्याकडून जागा कळणं म्हणजेही अन्याय्य फायदाच की!" आमच्या नियमात 'अन्याय्य फायदा घेऊ नये' असं एक भोंगळ वाक्य होतं. कुणीतरी हौसेनं घातलेलं. तीन रात्री डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर त्यावर काथ्याकूट. माझं मत तेव्हाही हेच होतं की असल्या वाक्यावर कुणालाही बॅन करता येतं, म्हणून ते काढा. शेवटी तिथे एक्स-रे, ड्युप (वस्तूंच्या फुकट नकला काढणं) आणि ऑटोक्लिकर (आपोआप क्लिक करणारा प्रोग्राम) अशी नावं लिहिली. मित्रानं सांगितलेली जागा चालेल, हेही लिहिलं.

बाकी किरकोळ: चॅटचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर सर्व्हरच्या लॉगशी ताडून बघा, तो एडिट करायला दोन मिनिटं लागतात. तक्रारदाराचं आणि आरोपीचं जुनं भांडण आहे का, तेही विचारा.

बॅन उठवून मी त्या पोराची माफी मागितली. त्याचा पहिला मेसेज आला, "दादा, माझा कुत्रा घराबाहेर बसवून ठेवला होता. आहे ना?"

जाऊन बघितलं. होता.